पुनश्च बर्लिन

परदेशाविषयीं बोलणारे लोक आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारचे आढळतात. एक प्रवासी आणि दुसरा तेथें कायमचा स्थायिक झालेला रहिवासी. प्रवाशाला शहराचे मनोरे आणि पुतळे दिसतात. रहिवाशाला कर आणि घरभाडें दिसतें. या दोघांच्या मध्यें एक तिसरा मनुष्य उभा असतो, आणि तो म्हणजे विद्यार्थी. त्याच्याजवळ पैसा नसतो, म्हणून प्रवाशाचा थाट त्याला परवडत नाहीं. आणि दोन-तीन वर्षांनीं निघून जावयाचें असल्यामुळें रहिवाशाप्रमाणें तो तेथें रुजतही नाहीं. तरीही शहराची जी ओळख त्याला होते ती या दोघांनाही होत नाहीं. संध्याकाळीं कोणत्या दुकानांत शिळा पाव स्वस्त मिळतो, ग्रंथालयांतील कोणत्या कोपऱ्यांत हिंवाळ्यांत ऊब असते, शेवटची गाडी चुकली तर घर गांठावयास किती वेळ लागतो, या गोष्टी तो जाणतो. त्याच्या वयाचीं ऐन संस्कारक्षम वर्षें तेथें गेलेलीं असतात, आणि म्हणून त्या शहराचा नकाशा त्याच्या मनांत जन्मभर पसरलेला राहतो.

अशा शहरीं मनुष्य पुष्कळ वर्षांनीं परत गेला तर त्याला काय सांपडतें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. माझ्यापुरतें तें शहर बर्लिन. मी तेथें १९८३ पासून १९८६ पर्यंत विद्यार्थी होतों, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे सदतीस वर्षांनीं, पुन्हां गेलों. बहुतेक शहरें हळूहळू बदलतात. एखादें दुकान जातें, एखादा पूल होतो, आणि परत आलेल्या मनुष्याला जुन्या-नव्याची सांगड घालतां येते. बर्लिनचें तसें नाहीं. मी ज्या बर्लिनमध्यें शिकलों तें शहर आज जगाच्या नकाशावर नाहीं. त्याच्या जागीं त्याच नांवाचें दुसरेंच एक शहर नांदत आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं जे तरुण आहेत त्यांच्यासाठीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनचे चार विभाग झाले. पूर्वेकडील विभाग रशियाकडे आणि पश्चिमेकडील तीन अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्याकडे गेले. हें सारें शहर पूर्व जर्मनीच्या पोटांत होतें, त्यामुळें पश्चिम बर्लिन हें चोहों बाजूंनीं परक्या मुलखानें वेढलेलें एक बेटच बनलें. १९६१ च्या ऑगस्टच्या १३ तारखेस पहांट होण्यापूर्वींच पूर्व जर्मनीच्या सरकारनें तारेचें कुंपण घातलें, आणि पुढें त्याची भिंत झाली. या बेटाभोंवतालच्या भिंतीची लांबी सुमारें १५५ किलोमीटर होती. त्यांपैकीं सुमारें ४३ किलोमीटर ऐन शहराच्या मधून, घरें, रस्ते आणि स्मशानें कापीत गेलेली होती. ती ओलांडण्याच्या प्रयत्नांत किंवा तिच्यापाशीं निदान १४० माणसें प्राणास मुकलीं. पुष्कळांना अजून असें वाटतें कीं, भिंतीच्या आंत पूर्वेकडील लोक होते. वस्तुतः भिंतीनें वेढलेलें होतें तें पश्चिम बर्लिन. परंतु बंदिवान होते ते बाहेरचे. ही विपरीत गोष्ट समजावयास मला कांहीं दिवस लागले.

त्या बेटावर पोंचण्याची रीतही विलक्षण होती. पश्चिम बर्लिनला विमान नेण्याची मुभा केवळ अमेरिकन, ब्रिटिश व फ्रेंच कंपन्यांना होती. खुद्द पश्चिम जर्मनीच्या विमान कंपनीला ती नव्हती. विमानांनीं ठराविक तीन मार्गांनीं, आणि तेंही दहा हजार फुटांच्या खालूनच, जावें असा नियम होता. त्यामुळें फ्रँकफुर्टहून निघालेलें आमचें विमान ढगांतून धक्के खात टेगेलच्या विमानतळावर उतरलें. तो विमानतळ २०२० सालीं बंद झाला. या वेळीं मी शहराच्या आग्नेयेस असलेल्या नव्या विमानतळावर उतरलों. तो पूर्वींच्या पूर्व जर्मनीच्या हद्दींत येतो, आणि तेथून आगगाडीनें शहरांत येतांना पूर्वेकडील ज्या उपनगरांतून मी गेलों तीं विद्यार्थिदशेंत मीं कधींच पाहिलीं नव्हतीं. याप्रमाणें जुन्या शहरांत माझा नवा प्रवेश झाला तो त्याच्या मागच्या दारानें.

माझी खोली नॉयकोल्न या कामगारवस्तींत होती. बर्लिनचीं जुनीं भाड्याचीं घरें ज्यानें पाहिलीं आहेत त्याला गिरगांवांतील चाळींची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. रस्त्याकडे तोंड करून एक इमारत, तिच्यामागें चौक, चौकामागें दुसरी इमारत आणि तिच्यामागें पुन्हां चौक. जसजसें आंत जावें तसतसें ऊन कमी आणि भाडेंही कमी. मी अर्थात् दुसऱ्या चौकांत होतों. शौचकूप जिन्याच्या मधल्या वळणावर, आणि खोली तापविण्यासाठीं कोपऱ्यांत चिनी मातीच्या फरश्यांची उंच भट्टी. तळघरांतून कोळशाच्या विटा वर आणावयाच्या, सकाळीं राख काढावयाची, आणि भट्टी पेटेपर्यंत अंगावर ओव्हरकोट घालून वाचीत बसावयाचें, असा हिंवाळ्यांतील क्रम असे. त्या कोळशाचा एक आंबूस, गंधकासारखा वास साऱ्या शहरावर चार महिने पसरलेला असे. आज तो वास समूळ नाहींसा झाला आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीनें तें उत्तमच झालें.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या घरांत होत्या. माझ्या फोडणीच्या वासाविषयीं त्यांची तक्रार असे. परंतु आजारपणांत बार्लीचें सूप आणून देण्यास त्या विसरत नसत. त्यांच्या तोंडून मीं युद्धानंतरच्या पहिल्या हिंवाळ्यांचें वर्णन ऐकलें. शहराच्या मध्यभागीं टियरगार्टन म्हणून एक मोठें उद्यान आहे. त्या दिवसांत लोकांनीं सरपणासाठीं तेथील झाडें तोडलीं. सुमारें दोन लाखांपैकीं अवघीं सातशें उरलीं, आणि मोकळ्या जमिनींत बटाटे व कोबी लावण्यांत आला. १९४९ पासून तेथें पुन्हां झाडें लावण्यास सुरुवात झाली, आणि त्यांसाठीं जर्मनींतील इतर शहरांनीं रोपें पाठविलीं. विद्यार्थी असतांना मीं पाहिलेलीं तीं झाडें माझ्याहून फार मोठीं नव्हतीं. या वेळीं त्यांच्याखालून चाललों तेव्हां माथ्यावर आकाश दिसत नव्हतें. शहरांतील बदलांपैकीं एवढा एकच बदल मला असा आढळला कीं, ज्याच्याविषयीं कोणाचेंही दुमत नव्हतें.

माझा अभ्यासाचा विषय जर्मनींतील प्राच्यविद्येचा इतिहास हा होता. बर्लिनशीं आपल्या संस्कृत विद्येचा संबंध जुना आहे. १८१० सालीं स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठांत फ्रान्झ बोप १८२१ पासून अध्यापन करीत होते. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर रॉबर्ट चेंबर्स यांनीं जमविलेल्या संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह १८४२ सालीं प्रशियाच्या राजानें विकत घेतला, आणि आल्ब्रेख्त वेबर यांनीं त्याची सूची १८५३ मध्यें प्रसिद्ध केली. काशीबंगालकडील पोथ्या पाहण्यासाठीं पुण्याच्या विद्यार्थ्यानें बर्लिनला जावें, यांतील विनोद माझ्या घरमालकीणबाईंनाही कळत असे.

परंतु ज्या ग्रंथालयांत मी बसत असें तेंही दुभंगलेलें होतें. युद्धांत सुरक्षिततेसाठीं ग्रंथ ठिकठिकाणीं हलविण्यांत आले होते, आणि युद्ध संपल्यावर जे ज्या बाजूला सांपडले ते त्या बाजूला राहिले. जुनी इमारत पूर्वेकडे उंटर डेन लिंडेन या राजमार्गावर. पश्चिमेनें आपल्यासाठीं नवी भव्य इमारत बांधली ती १९७८ सालीं उघडली. एका ग्रंथाचा पहिला खंड भिंतीच्या एका बाजूस आणि दुसरा दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग मजवर अनेकदां आला. माझ्या ग्रंथालयाच्या जवळच पोट्सडामर प्लाट्झ होता. युद्धापूर्वीं युरोपांतील अत्यंत गजबजलेल्या चौकांत त्याची गणना होत असे. माझ्या वेळीं तेथें गवत, ससे आणि भिंत यांपलीकडे कांहींही नव्हतें.

तो दुसरा खंड मिळविण्याच्या निमित्तानेंच माझें पूर्व बर्लिनला जाणें सुरू झालें. हिंदी पारपत्र असणाऱ्या मनुष्याला एका दिवसाचा परवाना मिळत असे. भुयारी रेल्वेनें निघालें म्हणजे कोखश्ट्रासे या स्थानकावर पश्चिम बर्लिनमधील हें शेवटचें स्थानक अशी सूचना होई. पुढें गाडी पूर्व बर्लिनच्या खालून जाई. वाटेंतील स्थानकें बंद होतीं. मंद दिव्यांच्या उजेडांत रिकामे फलाट आणि एखादा सशस्त्र पहारेकरी एवढेंच दिसे, आणि गाडी न थांबतां सावकाश पुढें सरके. लोक त्यांना भुतांचीं स्थानकें म्हणत. फ्रीड्रिखश्ट्रासे या स्थानकावर मात्र गाडी थांबे. तेथें परवान्याचे पांच मार्क द्यावयाचे, शिवाय पश्चिमेचे पंचवीस मार्क देऊन पूर्वेचे पंचवीस घ्यावयाचे, ते परत बदलून मिळावयाचे नाहींत, आणि मध्यरात्रीपूर्वीं त्याच दारानें परत यावयाचें, असा नियम होता. त्या पंचवीस मार्कांचीं मी पुस्तकें घेत असें. माझ्या कपाटांतील जर्मन ग्रंथांपैकीं निम्मे या सक्तीच्या खरेदींतून आलेले आहेत.

तेथें माझी एका गृहस्थांशीं ओळख झाली. शास्त्रीय ग्रंथ छापणाऱ्या एका प्रकाशनगृहांत ते मुद्रितशोधक होते. त्यांना संस्कृत येत नव्हतें. परंतु देवनागरी अक्षरें त्यांना इतकीं चांगलीं अवगत होतीं कीं, अनुस्वार कोठें गळला हें ते माझ्याआधीं दाखवीत. महिन्यांतून एकदां मी त्यांच्या घरीं जाई, सोबत कॉफीचा पुडा नेई. त्यांची पत्नी केक करी. आणि त्यांची विशींतील मुलगी मला हिंदुस्थानांतील पावसाविषयीं प्रश्न विचारी. रात्रीं ते मला स्थानकापर्यंत पोंचवीत. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठीं स्थानकालगत १९६२ सालीं कांचेचा एक मंडप बांधलेला होता. मागें राहणाऱ्यांनीं त्याच्या दाराशींच निरोप घ्यावयाचा, म्हणून लोकांनीं त्याला आंसवांचा महाल असें नांव दिलें होतें. ते दाराशीं थांबत, टोपी काढीत आणि नेहमीं एकच वाक्य बोलत : “आणखी इतकीं वर्षें.” पूर्व जर्मनींत पासष्ट वर्षांच्या पुरुषाला, म्हणजे ज्याच्या श्रमांची राज्याला गरज उरली नाहीं अशाला, पश्चिमेकडे भेटीस जाण्याची परवानगी मिळे. माझे हे स्नेही १९२५ सालीं जन्मलेले होते. १९९० मध्यें मी तुमच्या वाचनालयांत येऊन तो पहिला खंड स्वतः पाहीन, असें ते म्हणत. म्हातारपणाची इतक्या उत्सुकतेनें वाट पाहणारा दुसरा मनुष्य मीं पाहिला नाहीं.

१९८६ मध्यें मी पुण्यास परतलों. १९८९ च्या नोव्हेंबरच्या ९ तारखेस बर्लिनमध्यें रात्रीचे साडेअकरा वाजण्याच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाकें उघडलें, तेव्हां आपल्याकडे दहा तारखेची पहांट होत होती. सकाळीं आकाशवाणीवर ती बातमी ऐकली, आणि प्रथम मनांत आलें तें एवढेंच कीं, माझ्या स्नेह्यांचें वय अजून चौसष्टच आहे. पुढें तीन आठवड्यांनीं त्यांचें पत्र आलें. चौथ्याच दिवशीं ते पश्चिमेकडील ग्रंथालयांत गेले होते. पहिला खंड त्यांनीं पाहिला, आणि त्यांत पृष्ठांक चुकलेला एक फॉर्म त्यांना सांपडला, हें त्यांनीं मोठ्या समाधानानें कळविलें होतें. त्या पत्रांत भिंतीविषयीं एक अक्षरही नव्हतें.

आतां परत गेल्यावर काय दिसलें तें सांगतों. पहिली गोष्ट म्हणजे भिंत नाहीं. हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणें आणि पायांना जाणवणें यांत अंतर आहे. माझे पाय सदतीस वर्षांनंतरही कांहीं वळणांवर आपोआप थांबत होते. जेथें रस्ता संपत असे तेथें आज बस धांवते, आणि खालीं डांबरांत दगडांची दुहेरी ओळ बसविलेली दिसते. तीच भिंतीची खूण. तरुण मुलें तीवरून सायकली नेतात. २०१८ च्या फेब्रुवारींत असा एक दिवस येऊन गेला कीं, भिंत जितके दिवस उभी होती तितकेच दिवस ती पडून झाले होते. म्हणजे तेथील तिशीच्या आंतील कोणाही माणसानें ती उभी पाहिलेली नाहीं.

भुतांच्या स्थानकांतून या वेळीं मी मुद्दाम उतरत उतरत गेलों. तेथें आज फुलांचीं दुकानें आहेत. त्यांपैकीं यानोविट्झब्रुके हें स्थानक सर्वांआधीं, भिंत उघडल्यानंतर दोनच दिवसांनीं, लोकांसाठीं खुलें झालें होतें. एका स्थानकाचें दैव मात्र चमत्कारिक. फ्रान्झोझिशे श्ट्रासे हें स्थानक अठ्ठावीस वर्षें राजकारणानें बंद ठेवलें, नंतर तीस वर्षें चाललें, आणि जवळच नवें मोठें स्थानक झाल्यामुळें २०२० च्या डिसेंबरांत पुन्हां बंद झालें. या वेळीं कारण केवळ सोयीचें होतें. गाडी तेथून न थांबतां गेली तेव्हां डब्यांतील कोणीही मान वर केली नाहीं. जुना विद्यार्थी तेवढा खिडकीला नाक लावून बसला होता.

माझें जुनें घर उभें आहे. भट्ट्या गेल्या, जिन्यावरचे शौचकूप गेले, आणि चौकांत कांचेचें उद्वाहनयंत्र आलें आहे. दारावरील नांवांत एकही नांव ओळखीचें उरलेलें नाहीं. त्या वस्तींतील भाडीं इतकीं चढलीं आहेत कीं, आज माझ्यासारख्या विद्यार्थ्याला तेथें दुसऱ्या चौकांतही थारा मिळणें कठीण. भाड्याला मर्यादा घालणारा कायदा तेथील प्रांतिक सरकारनें २०२० सालीं केला. तो घटना-न्यायालयानें पुढच्याच वर्षीं रद्द केला. आणि त्याच वर्षीं मोठ्या घरमालक कंपन्यांचीं घरें सार्वजनिक मालकीचीं करावीं या बाजूनें शहरांतील मतदारांच्या बहुमतानें कौल दिला. मुंबईकर श्रोत्यांना हा प्रश्न निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. भिंतीच्या छायेंत कोणी राहूं इच्छीत नसे म्हणून शहर स्वस्त होतें. आणि स्वस्त होतें म्हणून तेथें चित्रकार, गवई, तुर्की कामगार आणि गरीब विद्यार्थी यांना जागा होती. मोकळेपणाची ही किंमत आहे, आणि ती ज्यांनीं भिंत बांधली नव्हती त्यांनाच पुष्कळदां द्यावी लागते.

त्याच घराच्या शेजारच्या दाराशीं फरसबंदींत पितळेचे चार लहान ठोकळे मला दिसले. तेथून हद्दपार करून मारलेल्या ज्यू कुटुंबांतील माणसांचीं नांवें, जन्मवर्षें आणि मृत्यूचें ठिकाण त्यांवर कोरलेलें असतें. गुंटर डेमनिग या शिल्पकारानें हा उपक्रम सुरू केला, आणि बर्लिनमधील पहिले ठोकळे १९९६ सालीं बसविण्यांत आले; आज ते हजारों झाले आहेत. मी त्या दारावरून तीन वर्षें रोज जात असें, आणि तेथें कोण राहत होतें हें त्या दगडांनीं मला तेव्हां सांगितलें नव्हतें.

हाच अनुभव डाहलेम या उपनगरांत अधिक तीव्रतेनें आला. माझें विद्यापीठ, म्हणजे १९४८ सालीं पूर्वेकडील विद्यापीठांतील दडपणाला कंटाळून निघालेल्या विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं स्थापन केलेलें मुक्त विद्यापीठ, तेथें आहे. गवतानें शाकारलेल्या छपराचें तें सुंदर स्थानक अद्याप तसेंच आहे. हिंदी शिल्पांचें आणि मध्य आशियांतील भित्तिचित्रांचें तेथील संग्रहालय मात्र आतां शहराच्या मध्यभागीं हलविण्यांत आलें आहे. डाहलेममधील इन्हेश्ट्रासे या रस्त्यावर बाविसाव्या क्रमांकाची एक इमारत आहे, आणि महाराष्ट्रीय मनुष्यानें तिच्यासमोर थांबावें असें एक कारण आहे. १९२७ सालीं तेथें मानववंशशास्त्र व सुप्रजाजननशास्त्र यांची एक संस्था उघडली. आपल्या इरावतीबाई कर्वे यांनीं तेथील संचालक ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं संशोधन करून १९३० सालीं बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू समान नसतात, या असमानतेचा वंशाच्या श्रेष्ठतेशीं संबंध असावा अशी गुरूंची कल्पना होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या, आणि असा संबंध दिसत नाहीं असें त्याच गुरूंपुढें लिहून दिलें. पंचविशीच्या आंतबाहेरची एक परकी विद्यार्थिनी परक्या भाषेंत हें लिहिते, याला किती धैर्य लागलें असेल याची कल्पना ज्यानें जर्मन प्राध्यापकापुढें प्रबंध ठेवला आहे त्यालाच येईल.

पुढें त्या संस्थेचें काय झालें तें भीषण आहे. तिच्या शास्त्रज्ञांनीं नात्सी राजवटीच्या वंशविषयक कायद्यांना शास्त्राचा आधार पुरविला, आणि औश्विट्झच्या छळछावणींतून मेंगेले या डॉक्टरनें तेथें मृतांचे अवयव पाठविले. माझ्या विद्यार्थिदशेंत त्या इमारतीवर याविषयीं एक अक्षरही नव्हतें. त्या इतिहासाचा फलक १९८८ सालीं लागला. २०१४ सालीं जवळच बांधकामासाठीं खणतांना मानवी अस्थींचे तुकडे सांपडले. पुढें शास्त्रीय उत्खनन झालें तेव्हां ते हजारोंच्या संख्येनें निघाले, आणि २०२३ च्या मार्चमध्यें डाहलेमच्याच स्मशानभूमींत त्यांना सन्मानानें मूठमाती देण्यांत आली. मी गेलों तेव्हां त्या गोष्टीला अवघे सात महिने झाले होते.

श्रोतेहो, परत जाणाऱ्या मनुष्याची अशी समजूत असते कीं, काळ जातो तसतसें शहर विसरत जातें, आणि आठवण आपल्यापाशीं राहते. बर्लिनमध्यें मला नेमकें उलट दिसलें. मी ज्या शहरांत राहिलों त्याला आपला भूतकाळ जितका आठवत होता त्याहून मी परत गेलेल्या शहराला तो अधिक आठवतो. विस्मरण हें काळाचें काम असेल. परंतु स्मरण हें माणसांचें काम आहे, त्यासाठीं कोणाला तरी दप्तरें चाळावीं लागतात, फलकासाठीं भांडावें लागतें, आणि रस्त्यांतील दगड उकरून तेथें दुसरा दगड बसवावा लागतो.

आतां शेवटची भेट. माझे मुद्रितशोधक स्नेही नव्वदीच्या दशकांत वारले. त्यांच्या मुलीचा पत्ता माझ्यापाशीं होता. त्या आतां साठीच्या जवळ आल्या आहेत. त्यांनीं मला भेटीसाठीं त्याच कांचेच्या मंडपांत बोलाविलें. २०११ पासून तेथें संग्रहालय आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहींत. पारपत्र तपासण्याची ती अरुंद कोठडी तेथें जपून ठेवली आहे. शाळेचीं मुलें तींतून हंसत-खिदळत जात होतीं. बाईंनीं माझ्याबरोबर तींतून जाण्याचें नाकारलें नाहीं, त्या अगदीं सहज गेल्या, आणि पलीकडे गेल्यावर म्हणाल्या, “बाबांनीं हें दार आंतून कधीं पाहिलें नव्हतें.”

नंतर आम्ही नदीकांठीं पुष्कळ वेळ बसलों. मी जुन्या शहराविषयीं बोलत होतों; त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही परत आलांत, म्हणून तुम्हांला बदल दिसतो. मी कोठेंही गेलें नाहीं. माझें राहण्याचें घरही तेंच आहे. परंतु माझी शाळा, माझा कारखाना, माझ्या रस्त्याचें नांव, दुकानांतील बिस्किटांचा पुडा, सर्व एका वर्षांत निघून गेलें. तुम्ही शहर सोडलेंत. मला शहरानें सोडलें.” त्या ज्या कारखान्यांत काम करीत तो १९९१ सालीं बंद पडला होता. पूर्व जर्मनींतील सरकारी उद्योगांची विल्हेवाट लावण्यासाठीं जें विश्वस्त मंडळ नेमलें गेलें त्याच्याकडे सुमारें साडेआठ हजार उद्योग आणि चाळीस लाख कामगार आले होते. त्यांतील लाखों लोकांची नोकरी गेली. तीस वर्षांच्या वयाच्या आंतच बाईंना दुसरा धंदा नव्यानें शिकावा लागला.

मग तें जुनें शहर परत यावें असें वाटतें काय, असें मीं विचारलें. त्यांनीं क्षणभरही विचार केला नाहीं. “नाहीं,” त्या म्हणाल्या, “बाबांना वाचनालयांत जाण्यासाठीं म्हातारें होण्याची वाट पाहावी लागत होती. तें शहर मला नको. परंतु मला तें आठवूं नये, असें मात्र कोणीं म्हणूं नये.”

मला वाटतें, या वाक्यांत सगळा विवेक आला. आपल्या तारुण्याचें ठिकाण माणसाला प्रिय असतें, यांत कांहीं गैर नाहीं. माझ्या बर्लिनची शांतता, स्वस्ताई, रात्रीचे रिकामे रस्ते यांची मला आठवण येते, आणि ती येत राहील. परंतु ती शांतता ज्या भिंतीमुळें होती त्या भिंतीपलीकडे एक सुज्ञ मनुष्य आपल्या आयुष्याचीं वर्षें मोजीत उभा होता, हेंही त्याच आठवणीचें अंग आहे. गोड भाग आपण ठेवावा आणि दुसरा इतिहासकारांकडे सोंपवावा, असें करतां येत नाहीं. आपल्याकडेही गेलेल्या गांवाविषयीं, मोडलेल्या वाड्याविषयीं, जुन्या पुण्यामुंबईविषयीं आपण हळहळीनें बोलतों. बोलावें, परंतु त्या वाड्याच्या ओसरीपर्यंतच ज्यांना येतां येत होतें त्यांनाही तो वाडा कसा आठवतो, हें एकदां विचारून पाहावें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मी ग्रंथालयांत गेलों. दोन्ही ग्रंथालयें १९९२ पासून एकाच संस्थेखालीं आहेत. मीं त्या ग्रंथाचे दोन्ही खंड मागविले. ते एकाच दिवशीं, एकाच टेबलावर आले. पहिल्या खंडांतील तो चुकलेल्या पृष्ठांकांचा फॉर्म मीं शोधला, तो होता. कोणीतरी समासांत पेन्सिलीनें, अगदीं बारीक अक्षरांत, बरोबर आंकडे लिहून ठेवले होते. ग्रंथालयाच्या पुस्तकांत लिहिणें हा अपराध आहे, आणि मुद्रितशोधकाला तो माहीत नसेल असें नाहीं. मीं ग्रंथपालांना त्याविषयीं कांहीं सांगितलें नाहीं. पुस्तकें परत केलीं, आणि बाहेर आलों.